दुसऱ्यांदा आलेली कृषिकन्या

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस जरा उघडला आणि आमच्या ओट्यावर पाच मुली येऊन बसल्या. पाचही जणींच्या अंगात सारखे टी-शर्ट, एकीच्या हातात गुंडाळलेला फ्लेक्स, दुसरीच्या पिशवीत थायरम या बुरशीनाशकाची पुडी.

"काकू, तुम्ही रांगड्या कांद्याचं रोप टाकणार आहात ना? आम्हाला बीजप्रक्रिया करून दाखवायचीय."

मी घरातून उळं आणलं आणि गमेल्यात ओतलं. शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते, उळं म्हणजे कांद्याचं बी. काळं कुळकुळीत, कोनेदार. एका एकराला तीन-चार किलो लागतं आणि घरचं नसेल तर त्याच्या भावाने घाम फुटतो. मुलींनी किलोला तीन ग्रॅम या हिशेबाने पावडर मोजली, हातमोजे घातले, पाण्याचा हलका शिपका दिला आणि बी वरखाली केलं. काळ्या बियांवर राखाडी थर चढला. मग फ्लेक्स उघडला, मला मधे उभं केलं, फोटो काढला. जिल्ह्यातल्या एका कृषी महाविद्यालयाच्या या मुली. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला ग्रामीण कृषी कार्यानुभव नावाचा भाग असतो, त्यात मुलामुलींनी काही महिने गावात काम करायचं असतं. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. आमच्या गावात दर दोन-तीन वर्षांनी एखादी तुकडी येते. या वेळच्या मुलींनी ग्रामपंचायतीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढला होता. त्यात आमची विहीर ओढ्याच्या पलीकडे गेली होती. आमच्या चुलतसासऱ्यांनी काठीने दाखवून ती अलीकडे आणून घेतली.

फोटो झाल्यावर चौघी निघाल्या. पाचवी मात्र गमेल्यापाशी बसून राहिली. म्हणाली, "काकू, यातलं थोडं बी मी न चोळता ठेवलंय. दोन वाफे वेगळे टाकाल का? मी दहा-बारा दिवसांनी येऊन बघते."

मी हो म्हटलं, पण मनात धरलं की ही काही येत नाही. आतापर्यंत कोणी आलं नव्हतं.

ती आली. त्यावर लिहायला बसले आणि मागचं बरंच काही आठवत गेलं, ते आधी सांगते.

मी दहावी झाले आणि लग्न होऊन निफाड तालुक्यातल्या या गावात आले. माहेरी पंचवटीत राहायचो. मे महिन्यात वडील आम्हाला गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमालेला घेऊन जायचे. मोठमोठे प्राध्यापक, लेखक, शास्त्रज्ञ तिथे उघड्यावर बोलायचे. ना तिकीट, ना ओळखपत्र. भाजी विकून आलेली बाईसुद्धा पायरीवर टेकून ऐकायची. शिकलेल्या माणसाने आपलं शिकणं घाटावर आणून ठेवायचं, हे मी लहानपणापासून बघितलेलं. सासरी आल्यावर ते तुटलं. मळ्यात ऐकायला होता तो फक्त पंपाचा आवाज.

पुन्हा जोडलं गेलं ते मुक्त विद्यापीठामुळे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली आपल्या नाशिकला, गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धन शिवारात उभं राहिलं. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. ब्रीदवाक्यं पुष्कळ संस्थांना असतात, पण माझ्या घरी ती गंगा खरोखर आली, एसटीच्या टपावरून नव्हे तर माझ्या मांडीवरच्या पिशवीतून. मी भाजीपाला उत्पादनाच्या पदविकेला नाव घातलं तेव्हा धाकटा दोन वर्षांचा होता. रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचं, पुस्तकं घेऊन यायचं, रात्री वाचायचं. पुस्तकं मराठीत. प्रत्येक घटकाच्या शेवटी आपली आपणच उत्तरं तपासायचे प्रश्न. शिकवणारा समोर नाही हे धरूनच लिहिलेली पुस्तकं होती ती. ज्याने कोणी ती लिहिली, त्याला माझ्यासारखी बाई डोळ्यांसमोर दिसत असणार असं मला अजून वाटतं.

त्यात कांदा बीजोत्पादनाचा घटक होता. मी तो मोठ्याने वाचत होते. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. घरचं उळं त्याच करायच्या. दिवाळीच्या सुमाराला चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, टिकून राहिलेल्या उन्हाळ कांद्यातून त्या एकेक कांदा हातात घेऊन निवडायच्या, कार्तिकात डोंगळे लावायच्या, म्हणजे ते कांदे बियाण्यासाठी परत जमिनीत लावायच्या. मी वाचलं, बियाण्यासाठी कांदा मध्यम आकाराचा, एकसारख्या रंगाचा, बारीक मानेचा आणि एक डोळ्याचा घ्यावा. बाईंचा हात थांबला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"हे तर मीच सांगते तुला. मग यात माझं नाव का नाही घातलं?"

त्या मनापासून विचारत होत्या. आणि खरंच, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी मला हे शिकवलं होतं. कांदा घ्यायचा, अंगठा आणि पहिल्या बोटात मान धरायची आणि दाबायची. मान कोरड्या सुतळीसारखी लागली तर ठेवायचा, मऊ लागली तर बाजूला. मग मधून एखादा आडवा कापून बघायचा, आत वर्तुळाला एकच मध्य आहे की दोन. दोन डोळ्यांचा कांदा पुढे जोडकांदे देतो. बाईंना त्याचं कारण सांगता येत नसे, पण निवड चुकत नसे. कारण मला पुस्तकाने सांगितलं. जाड मान नीट मिटत नाही, तिथून पाणी उडून जातं आणि बुरशी आत शिरते. बारीक मान मिटते, कांद्याचं तोंड बंद होतं, म्हणून तो चाळीत टिकतो. पुस्तकातली एक गोष्ट मात्र बाईंना माहीत नव्हती. लावताना कांद्याचा वरचा तिसरा भाग कापून, खालचा भाग बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून लावायचा, म्हणजे कोंब लवकर आणि सारखे निघतात. त्यांनी आधी विरोध केला. मग दोन ओळी तशा लावून बघितल्या. पुढच्या वर्षापासून विळी स्वतः घेऊन बसायच्या.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. पुढे वाचत गेले तसं कळलं की त्यांचा दावा वाटतो तेवढा वावगा नव्हता. एन-५३ हा खरिपाचा जुना वाण निफाडला तयार झाला, तो नाशिककडच्या स्थानिक कांद्यातूनच निवडून. आपल्याकडे घरोघरी लावला जाणारा एन-२-४-१ राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा, पिंपळगाव बसवंतच्या केंद्रावरचा. बसवंत-७८० हा वाण तर त्या गावाचं नावच घेऊन हिंडतो. म्हणजे विद्यापीठाने आकाशातून काही आणलं नाही. कुणाच्या तरी वखारीतले कांदे उचलले, वर्षानुवर्षं पेरून, निवडून, मोजून एकसारखे केले आणि आम्हाला परत दिले. हे काम छोटं नाही. मला आणि बाईंना ते जमलं नसतं, कारण आम्ही आमच्याच वावरापुरतं बघत होतो. पण त्या मूळ वखारींमध्ये बसून कांदा निवडणाऱ्या बायका होत्याच ना.

निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे, १९३२ पासून. तांबेरा रोगाला तोंड देणारा गहू काढायचा म्हणून ते सुरू झालं. तिथल्या वाणांची नावं ऐका: त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी, नेत्रावती. वाणाचा एनआयएडब्ल्यू ९१७ असा नंबर कोणाच्या तोंडी बसत नाही, पण 'तपोवन द्या एक गोणी' हे सहज बसतं. ज्या शास्त्रज्ञाने ही नावं सुचवली त्याला आपण कुठल्या मातीत काम करतोय याची जाण होती. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. माझं नाही तर नाही, गंगेचं तरी घातलं, म्हणाल्या.

यानंतर जे लिहायचंय ते लिहिताना अजून त्रास होतो.

बाई शेवटच्या आजारपणात पडायच्या तीन-चार वर्षं आधी एक मुलगा आमच्याकडे आला होता. कुठल्या विद्यापीठाचा ते लिहीत नाही. कांदा साठवणुकीतल्या अडचणींवर तो पदव्युत्तर प्रबंध करत होता. हातात आठ पानांचा फॉर्म. प्रत्येक वाक्यापुढे पाच रकाने: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. मी सही करून मोकळी होणार होते, पण बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला आणि बोलायला लागल्या. जुनी वखार कशी असायची, तुरकाठ्यांचा कूड का घालायचा, मातीने का लिंपायचा नाही, खाली भुसा टाकला तर काय होतं, आभाळ आलं की कोणत्या बाजूचं तरट वर करायचं, कांद्याचा वास बदलला की दोन दिवसांत कुठल्या कोपऱ्यात सड सापडते. दीड तास. मुलगा शांतपणे ऐकत होता, चांगला होता. पण त्याच्या फॉर्मवर हे लिहायला जागाच नव्हती. त्याने खुणा केल्या, फॉर्म बॅगेत घातला. जाताना म्हणाला, "आजी, काय निष्कर्ष निघाला ते येऊन सांगतो."

पुढे चाळ भरायची वेळ आली की बाई विचारायच्या, "तो पोरगा आला का गं?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तालुक्यातल्या एवढ्या घरी फिरून त्याला काय कळलं, दुसऱ्यांच्या चाळीत किती कांदा सडतो, कोण काय करतं. हे त्यांना आयुष्यभर कोणी सांगितलं नव्हतं. २०१९ मध्ये बाई गेल्या. मुलगा आला नाही. तो आळशी होता असं मी म्हणणार नाही. प्रबंध जमा झाला, पदवी मिळाली, नोकरीच्या मागे लागला असेल. परत जाऊन सांगणं हे त्याच्या अभ्यासक्रमात कुठेच नसेल. त्याला त्याबद्दल गुण नाहीत, त्याच्या गाईडला बढतीत त्याचा उपयोग नाही. म्हणून ते घडत नाही.

नंतर माझ्या मुलाने मला कृषिकोश दाखवलं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा तो ऑनलाइन साठा. कृषी विद्यापीठांचे जुने-नवे प्रबंध त्यात पानापानाने चढवलेत, कोणालाही फुकट वाचता येतात. बाकीच्या विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. मी त्या फॉर्मवाल्या मुलाचा प्रबंध शोधला, सापडला नाही. पण कांद्यावरचे कितीतरी निघाले. पिवळी पडलेली पानं, टाइपरायटरची अक्षरं, शाईने ओढलेले आलेख. आमच्याच तालुक्यातल्या मातीवरचे, आमच्याच कांद्यावरचे. सगळे इंग्रजीत. माझा मुलगा मला एकेक परिच्छेद मराठीत करून सांगायचा आणि मी थक्क व्हायचे की हे सगळं कोणीतरी मोजून ठेवलंय आणि आम्ही इथे बसून अंदाजावर चाललोय. कपाट उघडं आहे हे फार चांगलं झालं. पण ते इतक्या उंचावर ठेवलंय की शेजारच्या गावाचा हात पोचत नाही. प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी एक पान मराठीत असावं, ज्याच्या शेतात काम केलं त्याला समजेल असं. एवढी एक गोष्ट सगळ्या विद्यापीठांनी केली तरी किती फरक पडेल! शंभर पानं लिहिणाऱ्याला एक पान जड नाही.

आणि त्या पानावर हेक्टर नको.

हेक्टरचं दुखणं मला विस्ताराने सांगायचंय, कारण मी त्यात बरीच वर्षं अडकले. राहुरी विद्यापीठाची कृषिदर्शनी आमच्या घरी दरवर्षी येते. त्या डायरीत पिकानुसार सगळ्या शिफारशी असतात आणि मी ती पोथीसारखी जपते. राज्यात चार कृषी विद्यापीठं, राहुरी, अकोला, दापोली, परभणी. त्यांची दरवर्षी संयुक्त बैठक होते, ॲग्रेस्को म्हणतात तिला. नवा वाण किंवा नवी शिफारस तिथे तावूनसुलाखून मंजूर झाल्याशिवाय आमच्यापर्यंत येत नाही. म्हणजे डायरीतल्या एका ओळीमागे कित्येक वर्षांचे प्रयोग असतात. आता कांद्याची ओळ बघा: हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश. अर्धं नत्र लागणीच्या वेळी, उरलेलं दोन हप्त्यांत. लागणीला साठ दिवस झाल्यावर नत्र द्यायचं नाही.

आमच्याकडे हेक्टर कोणाकडेच नाही. एकर आहेत, गुंठे आहेत. दुकानात नत्र मिळत नाही, युरियाची गोणी मिळते. त्या ओळीपासून गोणीपर्यंत पोचायला जे गणित लागतं ते डायरीत नाही. ते मला मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकाने शिकवलं. हेक्टरचे अडीच एकर, म्हणजे एकराला नत्र ४० किलो. युरियात ४६ टक्के नत्र. चाळीसला शंभराने गुणून सेहेचाळीसने भागा, ८७ किलो युरिया. गोणी ४५ किलोची, म्हणजे दोन गोण्यांना तीन किलो कमी. स्फुरद एकराला २० किलो, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते १६ टक्के, म्हणजे १२५ किलो, पन्नास किलोच्या अडीच गोण्या. पालाश २० किलो, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के, साधारण ३३ किलो. एवढंच. मी हे तेलरंगाने चाळीच्या पत्र्याच्या दारावर लिहून ठेवलं. खाली लिहिलं: माती तपासून कमीजास्त करणे. आणि लाल रंगात: साठ दिवसांनंतर युरिया नाही.

त्या लाल ओळीवरून घरात भांडण झालं होतं. हे म्हणायचे, शेवटी एक गोणी मारली की कांदा फुगतो, वजन भरतं. भरतंच. शेवटच्या पंधरा दिवसांत पाणी दिलं तरी वजन भरतं. लगेच पिकअप भरून लासलगावला किंवा पिंपळगावला न्यायचा असेल तर ते झाकून जातं. पण चाळीत घालायचा कांदा तसा वाढवला की माना जाड राहतात आणि श्रावणात चाळीखालून पाणी गळायला लागतं. एक वर्ष आम्ही चाळीचे दोन कप्पे वेगळे ठेवून बघितले, एकात उशिरा युरिया दिलेल्या तुकड्याचा कांदा आणि दुसऱ्यात दारावरच्या हिशेबाचा. ऑगस्टमध्ये पहिल्या कप्प्याजवळ उभं राहवत नव्हतं. त्यानंतर यांनी वाद घातला नाही. आता दारावरचा तो हिशेब गल्लीतले लोक फोनवर टिपून नेतात. दुकानात जाताना रस्त्यावरूनच बघतात.

चाळीचंही तसंच. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवा, आत कांद्याचा थर चार फूट रुंद आणि चार-पाच फुटांपेक्षा उंच नको, हे प्रशिक्षणात ऐकलेलं होतं. नाशिकचं कृषी विज्ञान केंद्र मुक्त विद्यापीठाकडेच आहे. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुद्दुचेरीला निघालं, आता जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहे. विद्यापीठाचं किंवा संशोधन संस्थेचं ज्ञान शेतकऱ्याच्या बांधावर करून दाखवायचं हेच त्याचं काम. पण ऐकून कोणी चाळ बदलत नाही. पैसे लागतात, आणि त्याहून जास्त म्हणजे वाडवडिलांपासूनची पद्धत मोडावी लागते. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, ऊब आणि दमटपणा सोडतो, ती ऊब खालून वर निघून गेली पाहिजे, हे शास्त्रज्ञ मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या. पण पटलं कधी? शेजारच्या भाऊंनी आधी तशी चाळ केली आणि पावसाळ्यात आम्ही त्यांच्या चाळीखाली हात घालून बघितला. हाताला वारा लागला. आमच्या चाळीला तसा हात घातला तर खालची माती ओली लागली. पुढच्या चैत्रात आम्ही तळ उचलला. गंमत अशी, म्हणजे मला तरी ती फार मोलाची वाटते, की बाईंचा तुरकाठ्यांचा न लिंपलेला कूड आणि मॅडमनी सांगितलेली खालची हवा, दोन्ही एकच गोष्ट सांगत होते. बाईंनी वारा बाजूने आणला होता, विद्यापीठाने तो खालून आणला. त्या मुलाच्या फॉर्मवर एक मोकळी ओळ असती तर हे कुठेतरी नोंदलं गेलं असतं.

आता त्या पाचव्या मुलीकडे येते.

तेराव्या दिवशी सकाळच्या एसटीने ती एकटी आली. फ्लेक्स नाही, टी-शर्ट नाही, साधा पंजाबी ड्रेस, हातात वही आणि काड्यांनी बांधलेली एक चौकट, एक फूट बाय एक फूट. मधल्या काळात तीन दिवस पावसाची झड लागून गेली होती. गादीवाफ्यांवर दोन्ही रोपं उभी होती, बी चोळलेलं आणि न चोळलेलं. तिने चौकट ठेवून रोपं मोजली. पडलेली, मानेशी करपून आडवी झालेली रोपं वेगळी मोजली. चोळलेल्या बियांच्या वाफ्यात मर कमी होती, डोळ्यांना दिसत होती. तिच्या वहीत आकडे गेले. मला वाटलं झालं, आता चहा घेऊन निघेल.

पण ती सपाट वाफ्याकडे बघत होती. उळं थोडं उरलं होतं, ते मी घाईत बांधाकडेला सपाट वाफ्यात टाकलं होतं, तेही चोळलेलंच. तिथे अर्धीअधिक रोपं बसली होती.

"काकू, हे बी पण आपण चोळलेलंच ना?"

"हो."

"मग इथे का मेली?"

मी म्हटलं, पाणी साचलं. गादीवाफा वीतभर उंच, त्यावरून पाणी निघून गेलं. इथे तीन दिवस मुळं पाण्यात होती. ती वाफ्याशेजारी बसली, बोटाने माती उकरून बघितली, वास घेतला. म्हणाली, "मग आम्ही प्रात्यक्षिकात फक्त पावडर दाखवली, वाफ्याचं बोललोच नाही." तिने वहीत नवीन पान काढलं. तिच्या अहवालात तिसऱ्या वाफ्याला जागा नव्हती, ती तिने स्वतः केली.

मग ती ओट्यावर बसली आणि चाळीच्या दारावरचा हिशेब उतरवून घेतला. म्हणाली, पुढच्या गावात मी हाच फळ्यावर लिहीन, हेक्टर पुसून टाकीन. मी तिला चाळीत नेलं. उन्हाळ कांदा अजून आहे दोन कप्पे, भावाची वाट बघतोय. तिला एक कांदा हातात दिला आणि म्हटलं, मान दाब. तिने अंगठ्याने दाबली. दुसरा दिला. तिसऱ्याला ती स्वतःच म्हणाली, "हा मऊ आहे, हा नको." मी तो विळीवर आडवा कापला. दोन डोळे. तिचा चेहरा असा उजळला की मला बाईंसमोर बसलेली मी आठवले.

"हे कोणत्या पुस्तकात आहे, काकू?"

"पुस्तकात आहे. पण मला सासूबाईंनी शिकवलं."

तिने वही मांडीवर घेतली. "त्यांचं नाव सांगा ना. सांगणाऱ्याचं नाव लिहायचंय मला."

मी नाव सांगितलं. मग सासऱ्यांचं, मग आडनाव. तिने एक ऱ्हस्व-दीर्घ चुकवला, मी सांगितला तसा दुरुस्त केला आणि खाली गावाचं नाव आणि तालुका लिहिला. पाचची एसटी चुकू नये म्हणून मी तिला फाट्यापर्यंत गाडीवर सोडलं. दिवाळीआधी बियाण्याचे कांदे निवडायला बसेन तेव्हा येते म्हणालीय. तिच्यासाठी एक क्रेट मी बाजूला काढून ठेवलंय, त्यातला एकही कांदा अजून दाबून बघितलेला नाही.